लायसन्स एका शहराचे, धंदा दुसऱ्याच शहरात

मा. संपादक,
स. न. वि. वि.

दरवर्षी सप्टेंबरमध्ये महाराष्ट्रातून पुष्कळ मुले-मुली शिक्षणासाठी इंग्लंडच्या निरनिराळ्या शहरांत येतात आणि पहिल्याच रात्री, दोन-दोन बॅगा घेऊन, स्टेशनवरून खोलीपर्यंत टॅक्सीने जातात. त्या टॅक्सीच्या चालकाची माहिती कोणी तपासली असेल, असा प्रश्न त्यांना किंवा त्यांच्या आईवडिलांना पडत नाही, कारण आपल्याकडे बिल्ला आणि परमिट ही राज्याच्या परिवहन विभागाची कामे आहेत आणि महापालिकेचा त्यांच्याशी संबंध नाही. इंग्लंडमध्ये मात्र टॅक्सीचे लायसन्स स्थानिक कौन्सिल, म्हणजे आपल्याकडच्या महापालिकेसारखी संस्था, देते. मी स्वतः अकरा वर्षे मध्य इंग्लंडमधील एका शहरात प्रायव्हेट हायरची गाडी चालवत आहे आणि या व्यवस्थेतील एका मोठ्या उणिवेबद्दल आपल्या वाचकांना सांगावे, म्हणून हे पत्र लिहीत आहे.

इथे टॅक्सीचे दोन प्रकार आहेत. रस्त्यावर हात दाखवून थांबवता येते किंवा स्टँडवर मिळते ती हॅकनी कॅरेज, आणि आधी बुकिंग केल्याशिवाय जिच्यात बसताच येत नाही ती प्रायव्हेट हायर. लंडनबाहेर पहिलीचा मूळ कायदा १८४७ चा, म्हणजे घोडागाडीच्या काळातला आहे, तर दुसरीचा १९७६ चा. लंडनचे कायदे वेगळे आहेत आणि तिथले लायसन्स शहराची परिवहन यंत्रणा देते. उरलेल्या इंग्लंडमध्ये अडीचशेहून अधिक कौन्सिले आपापल्या हद्दीपुरती लायसन्से देतात. अर्जदार ‘योग्य आणि लायक’ आहे, अशी खात्री पटल्याशिवाय कौन्सिलने लायसन्स देऊ नये, असे कायदा सांगतो, पण ती खात्री कशी करायची हे बऱ्याच अंशी प्रत्येक कौन्सिलवर सोडलेले आहे. त्यामुळे गाडी किती जुनी चालेल, वर्षातून किती वेळा तपासायची, आत कॅमेरा हवा की नको, चालकाची रस्त्यांच्या माहितीची परीक्षा घ्यायची की नाही, याचे नियम शेजारच्या दोन शहरांतसुद्धा वेगळे असतात.

माझ्या वेळी गुन्हेविषयक माहितीची सखोल पडताळणी झाली, मालवाहू ट्रकच्या चालकांना लागते त्या दर्जाची वैद्यकीय तपासणी झाली, शहरातील रस्त्यांची लेखी परीक्षा झाली आणि प्रवासात लहान मुले व असहाय व्यक्ती सुरक्षित कशा राहतील यावर एक दिवसाचे प्रशिक्षण झाले. गाडी वर्षातून दोनदा कौन्सिलने ठरवून दिलेल्या गॅरेजमध्ये न्यावी लागते. याबद्दल माझी कसलीही तक्रार नाही. माझ्या मागच्या सीटवर कोणाची तरी मुलगी एकटी बसलेली असते, तेव्हा इतकी तपासणी झालीच पाहिजे.

तक्रार आहे ती पुढच्या गोष्टीची. प्रायव्हेट हायरसाठी चालक, गाडी आणि बुकिंग घेणारी कंपनी या तिघांचे लायसन्स एकाच कौन्सिलचे असावे, असे कायदा सांगतो, पण प्रवास त्या कौन्सिलच्या हद्दीत झाला पाहिजे असे तो कुठेच सांगत नाही. १९७६ साली बुकिंग गावातल्या ऑफिसच्या टेलिफोनवर होत असे, तेव्हा गाडी आपोआपच गावात राहायची. आता बुकिंग फोनवरच्या ॲपवर होते, कंपनी अनेक कौन्सिलांची लायसन्से घेऊन ठेवते आणि चालक जिथे लायसन्स लवकर आणि स्वस्तात मिळेल तिथे अर्ज करतो. २०१५ च्या कायद्याने एका कंपनीला आपले बुकिंग दुसऱ्या हद्दीतील कंपनीकडे सोपवण्याचीही मुभा दिली. परिणामी काही मोजक्या कौन्सिलांच्या पाट्या लावलेल्या गाड्या देशभर दिसतात. यात बर्मिंगहॅमजवळच्या वुल्व्हरहॅम्प्टन शहराचे नाव सर्वांत जास्त घेतले जाते. मँचेस्टर परिसराचे महापौर अँडी बर्नहॅम यांनी तर आपल्या भागातील जवळपास निम्म्या प्रायव्हेट हायर गाड्यांचे लायसन्स बाहेरचे असल्याचे सांगून याविरुद्ध मोहीमच उघडली. वुल्व्हरहॅम्प्टनची बाजूही इथे सांगायला हवी. अर्जदार कुठे राहतो एवढ्यावरून त्याला नकार देता येत नाही आणि प्रायव्हेट हायरच्या संख्येवर मर्यादा घालण्याचा अधिकारही कौन्सिलला नाही. म्हणजे मूळ चूक कायद्यातच आहे.

या चुकीचा अर्थ मला एका हिवाळी रात्री स्टेशनबाहेर कळला. आमच्या कौन्सिलचा तपासणी अधिकारी टॉर्च घेऊन रांगेतील गाड्या पाहत होता. त्याने माझ्या मागच्या टायरमध्ये गेज घालून खाच मोजली, मागचे तिन्ही सीटबेल्ट ओढून पाहिले, माझ्या बिल्ल्यावरचा फोटो माझ्या चेहऱ्याशी ताडून पाहिला. माझ्यापुढच्या गाडीचा एक ब्रेकलाइट बंद होता आणि मागचा एक बेल्ट दारात अडकून बाहेर लोंबत होता. त्या गाडीवर शंभर मैलांवरच्या कौन्सिलची पाटी होती. अधिकारी तिच्याजवळ थांबला, पाटी वाचली आणि पुढे गेला. मी विचारले तेव्हा तो म्हणाला, “माझ्या हातात काही नाही, ती आमची गाडी नाही.” पोलिसांना ती गाडी तपासता आली असती, पण रात्री अकरा वाजता टॅक्सीचा बेल्ट बघायला पोलीस येत नाहीत. दोन मिनिटांनी विद्यार्थ्यांचा एक घोळका त्या गाडीत बसून निघून गेला.

बेल्ट आणि दिवा या त्यामानाने लहान गोष्टी झाल्या. उत्तर इंग्लंडमधील रॉदरहॅममध्ये जे घडले ते इथला कोणताही टॅक्सीचालक विसरू शकत नाही. १९९७ ते २०१३ या काळात त्या एका गावात किमान १,४०० मुलांचे लैंगिक शोषण झाल्याचा अंदाज स्वतंत्र चौकशी करणाऱ्या प्राध्यापक ॲलेक्सिस जे यांच्या ऑगस्ट २०१४ च्या अहवालाने दिला आणि त्यात टॅक्सीचालकांचा ठळक सहभाग असल्याचेही नमूद केले. पुढच्याच वर्षी सरकारने नेमलेल्या लुईस केसी यांच्या तपासणीने कौन्सिलच्या लायसन्स विभागावरही कडक ताशेरे ओढले. त्यानंतर रॉदरहॅमने नियम इतके कडक केले की गाडीत कॅमेरा सक्तीचा झाला. पण दुसऱ्या गावाचे लायसन्स घेतलेला चालक कॅमेऱ्याशिवाय त्याच रॉदरहॅममध्ये कायदेशीरपणे भाडी मारू शकतो. ज्या गावाने एवढे भोगले, त्यालाच आपल्या मुलांसाठी केलेला नियम आपल्या रस्त्यावर सर्वांना लागू करता येऊ नये, हे मला अत्यंत अन्यायाचे वाटते.

मधल्या काळात काहीच झाले नाही, असे नाही. जुलै २०२० मध्ये सरकारने काढलेल्या मार्गदर्शक मानकांत चालकांची पडताळणी दर सहा महिन्यांनी करावी, असे म्हटले. २०२२ च्या कायद्याने नाकारलेल्या, निलंबित आणि रद्द केलेल्या लायसन्सची नोंद एका राष्ट्रीय यादीत करणे कौन्सिलांवर बंधनकारक केले, म्हणजे एका ठिकाणी बाद झालेला माणूस दुसरीकडे गुपचूप अर्ज करू शकत नाही. बाहेरच्या चालकाविषयी गंभीर माहिती मिळाली तर ती मूळ कौन्सिलला कळवणे आणि त्या कौन्सिलने २० कामकाजाच्या दिवसांत त्याचा निर्णय करणे हेही त्यात आले. हे चांगलेच आहे, पण हे सगळे घटना घडून गेल्यानंतरचे आहे. सरकारनेच नेमलेल्या गटाने २०१८ साली खरा उपाय सांगितला होता: प्रत्येक प्रवास लायसन्स देणाऱ्या कौन्सिलच्या हद्दीत सुरू झाला पाहिजे किंवा संपला तरी पाहिजे. सरकारने ती शिफारस तेव्हा पुढच्या विचारासाठी ठेवून दिली. जून २०२५ मध्ये लुईस केसी यांनाच पुन्हा, टोळ्यांकडून होणाऱ्या मुलांच्या लैंगिक शोषणावरील आपल्या अहवालात, हद्दीबाहेरच्या टॅक्सींवर बोट ठेवावे लागले.

माझ्याच व्यवसायातील काही बंधू या उपायाला विरोध करतात आणि त्यांची अडचण मी समजू शकतो. काही कौन्सिले अर्जावर कित्येक महिने घेतात, फी जास्त असते, आणि घरी मुले असताना माणसाला बिनकामाचे बसणे परवडत नाही. पण याचा इलाज सगळीकडे एकच किमान दर्जा, वाजवी फी आणि अर्ज निकाली काढण्याची ठरलेली मुदत हा आहे. ‘सुरू किंवा शेवट’ या नियमामुळे विमानतळावरून परतीचे भाडे बुडेल ही भीतीही खरी नाही, कारण आपल्या हद्दीत संपणारा प्रवास त्यात चालतोच.

कायदा बदलेल तेव्हा बदलेल. तोवर आपल्या वाचकांपैकी ज्यांची मुले इथे आहेत त्यांनी त्यांना एवढे जरूर सांगावे. प्रायव्हेट हायर गाडीच्या मागच्या बाजूला कौन्सिलचे नाव, लायसन्स क्रमांक आणि मुदतीची तारीख असलेली पाटी असते आणि चालकाकडे फोटोचा बिल्ला असतो. बसण्यापूर्वी पाटीचा फोटो काढून घरी पाठवावा. रस्त्यात कोणी “बुकिंग नको, तसेच बसा” म्हणाले तर बसू नये, कारण तो प्रवास बेकायदा असतो आणि त्याचा विमाही बहुधा लागू होत नाही. आणि तक्रार करायची वेळ आलीच, तर ती राहत्या शहराच्या कौन्सिलकडे आणि पाटीवर ज्या कौन्सिलचे नाव आहे तिच्याकडे, अशी दोन्हीकडे लेखी करावी, कारण लायसन्स रद्द करण्याचा अधिकार फक्त दुसरीला आहे.

आपला,
मध्य इंग्लंडमधील एक मराठी टॅक्सीचालक