प्लेट नव्हे, वायर : समोरच्या इमारतीतल्या काकांना

प्रिय काका,
साष्टांग नमस्कार.

तुम्ही पैसे घेतले नाहीत आणि आभार मानायला गेले की तुम्ही चहाचा विषय काढता. म्हणून लिहून सांगते. सगळ्यांना वाचता येईल असं लिहितेय, कारण जुन्या गाडीवर पोट असलेले ठाण्यात पुष्कळ आहेत. तुम्ही मला जे दाखवलंत ते त्यांच्याही कामाचं आहे.

माझी मारुती ओम्नी व्हॅन २००७ सालची, पंधरा वर्षांनंतर पुन्हा पासिंग करून घेतलेली. रोज साडेअकराला वर्तकनगरहून ६० डबे घेऊन वागळे इस्टेट गाठायची. पावसाळ्याच्या तोंडाशी क्लच खाली पकडायला लागला. पायडल तळापासून दोन बोटं वर आलं की गाडी उचलायची, आणि रिव्हर्स टाकताना करकर व्हायची. एका दुपारी कॅडबरीच्या सिग्नलला गाडी पहिल्या गिअरमध्ये होती, क्लच पूर्ण दाबलेला होता, तरी ती हळूहळू पुढे सरकू लागली. पुढच्या रिक्षात एक बाई लेकराला मांडीवर घेऊन बसली होती. ब्रेक दाबला, गाडी बंद पडली, कुणाला काही झालं नाही. पण त्या रात्री मला झोप लागली नाही.

गॅरेजवाल्याने एक चक्कर मारली आणि सांगितलं, क्लच सेट गेला. प्लेट, प्रेशर प्लेट, बेअरिंग, सगळं बदलायचं, गिअरबॉक्स उतरवायचा. साडेसात हजार रुपये आणि दोन दिवस. पैसे मी उभे केले असते. पण दोन दिवस डबा आला नाही तर गिऱ्हाईक तिसऱ्या दिवशी दुसरीकडे जेवतं.

तुम्ही गॅलरीतून विचारलंत, "ताई, गाडी आज रडतेय का?" आणि खाली आलात. ३१ वर्षं एसटीच्या वर्कशॉपमध्ये काढलेल्या माणसाने पहिल्यांदा काय केलं, तर पायाखालचं मॅट उचललं. मॅट दुमडून पायडलखाली गेलं तर क्लच पूर्ण दाबलाच जात नाही, हे मला माहीत नव्हतं. आमचं मॅट ठीक होतं. मग तुम्ही हँडब्रेक ओढून चौथा गिअर टाकायला लावलात आणि क्लच सावकाश सोडायला सांगितलंत. इंजिन झटक्यात बंद पडलं. तुम्ही म्हणालात, "प्लेट घसरत असती तर इंजिन चालूच राहिलं असतं. तुमची प्लेट धरतेय."

त्यानंतर माझ्याच डब्याची दोन झाकणं घेऊन, मध्ये प्लेट म्हणून भाकरी धरून तुम्ही समजावलंत. आपल्या गाडीसारख्या वायरच्या क्लचमध्ये, म्हणजे पायडलचा दाब वायरने क्लचपर्यंत पोचतो त्यात, प्लेट झिजून पातळ झाली की प्रेशर प्लेटची बोटं, म्हणजे तिच्या स्प्रिंगच्या पट्ट्या, त्यांना ढकलणाऱ्या बेअरिंगकडे सरकतात, मधली मोकळी जागा संपते आणि क्लच वर, पायडल सोडता सोडता शेवटी पकडतो. खाली पकडत असेल तर उलटं : मध्ये ढिलाई जास्त आहे, पायाचा अर्धा दाब ती ढिलाई भरून काढण्यातच जातो आणि प्लेट पूर्ण सुटत नाही. म्हणून गाडी सरकते. आणि रिव्हर्सला इतर गिअरसारखी जुळवून घेणारी रिंग नसते, म्हणून करकर आधी तिथेच ऐकू येते. इतक्या वर्षांत गाडीबद्दल माझ्याशी असं कुणी बोललं नव्हतं. बिल सांगत, कारण कुणी सांगत नसे.

गाडीखाली जाऊन तुम्ही वायरचा नट आवळलात, पण फार नाही. पायडलला बोटाने दाबल्यावर थोडा प्ले, म्हणजे मोकळी हालचाल, उरलाच पाहिजे. तो संपवला तर बेअरिंग सतत टेकून राहतं आणि चांगली प्लेटही घसरायला लागते. मग तुम्ही लेकीची नेलपॉलिश मागितलीत आणि नटापासून शेजारच्या आट्यांपर्यंत एक रेघ ओढलीत. का, ते आठ दिवसांनी कळलं.

आठ दिवसांनी क्लच पुन्हा खाली गेला. मी घाबरत तुमच्याकडे आले. तुम्ही टॉर्च धरून रेघ पाहिलीत. ती जागच्या जागी होती. नट फिरला नव्हता, तरी ढिलाई परत आली होती. "मग वायर तुटतेय," तुम्ही म्हणालात आणि ती काढलीत. पायडलकडच्या टोकाला निम्म्याहून जास्त तारा तुटलेल्या, उरलेल्या ताणून लांबलेल्या. आणखी थोडे दिवस गेले असते तर ती भर रस्त्यात सुटली असती.

नवी वायर साडेतीनशे रुपयांना मिळाली. तुम्ही ती कुठे मुरडू दिली नाहीत, दोन्ही टोकांना ग्रीस लावलंत आणि शेवटचा नट माझ्याकडून आवळून घेतलात. दुसऱ्या दिवशी साठच्या साठ डबे वेळेवर गेले.

काका, तुमचा गुडघा दुखतो हे मला ठाऊक आहे. तरी त्या दोन्ही दिवशी तुम्ही ओल्या फरशीवर गोणपाट टाकून गाडीखाली झोपलात. हे मी विसरणार नाही.

नवी वायर बसताना थोडी ताणते, पंधरा दिवसांनी बघा, असं तुम्ही सांगितलं होतंत. काल पंधरा दिवस झाले. मी स्वतः प्ले पाहिला, नट एक आटा घेतला, रिव्हर्स टाकून पाहिला. आवाज नाही. जुनी रेघ पुसून नव्या जागी नवी रेघ ओढली आहे. जरा येऊन बघून जा.

तुमची,
वर्तकनगरची डबेवाली ताई