एडिसनच्या काकूंचा पगार

गंगापूर रोड, नाशिक

प्रिय सुमे,

तिकडे अमेरिकेत, एडिसनला, ईराला सांभाळायला काकू मिळाल्या हे फार बरं झालं. पण "त्यांना रोखच हवेत, मग मी कशाला सरकारी भानगडीत पडू?" हे काही मला पटलं नाही. रोख दे की, त्याला कोण नाही म्हणतंय? दडवून देऊ नकोस, एवढंच.

आयआरएसची, म्हणजे तिथल्या कर खात्याची, 926 नंबरची पुस्तिका खास घरकामाला माणूस ठेवणाऱ्यांसाठी आहे. आमच्या धंद्यातली सवय, बसून वाचून काढली. काम काय आणि कसं करायचं हे तू ठरवतेस, म्हणजे काकू तुझ्या कर्मचारी. शेजारीण म्हणते तसं 1099, म्हणजे स्वतंत्र कंत्राटदाराला देतात तो फॉर्म, देऊन मोकळं होता येत नाही. 2025 साली एकीला 2,800 डॉलर किंवा जास्त पगार दिलास की सोशल सिक्युरिटी (पेन्शन) आणि मेडिकेअर (म्हातारपणीचा आरोग्य विमा) यांचा कर आलाच. 7.65 टक्के त्यांच्या पगारातून कापायचे, तेवढेच तू पदरचे घालायचे. आठवड्याला 300 डॉलर धर: 22.95 त्यांचे, 22.95 तुझे. कापणं जिवावर येत असेल तर त्यांचा वाटाही तूच भर, चालतं. इन्कम टॅक्स मात्र त्यांनी मागितलं आणि तू कबूल झालीस तरच कापायचा. आधी ईआयएन, म्हणजे मालकाचा कर नंबर, काढ, जानेवारीअखेर त्यांना डब्ल्यू-2, म्हणजे वर्षाच्या पगाराचा आणि कापणीचा दाखला, दे, आणि तुमच्या रिटर्नला शेड्यूल एच हा घरकामगारांच्या कराचा फॉर्म जोड. एप्रिलमध्ये एकदम फटका नको असेल तर नवऱ्याला त्याच्या ऑफिसात थोडा जास्त टॅक्स कापायला सांगू दे. बेरोजगारी कर वेगळा, त्यात राज्याचाही असतो. तो तिथल्या कर सल्लागाराला विचार.

यात काकूंचा फायदा काय, ते त्यांना नीट समजावून सांग. तिथल्या पेन्शनला 40 क्रेडिट लागतात. 2025 मध्ये 1,810 डॉलर कमाईला एक क्रेडिट, वर्षाला जास्तीत जास्त 4. दडवलेल्या पगाराचं एकही जमत नाही. रोख हातात पडल्याचा आनंद आज आहे गं, पण साठी उलटल्यावर कुणाच्या दारात जायचं? आणि तुझंही नुकसानच. मूल सांभाळण्याच्या खर्चाची सवलत घ्यायची तर फॉर्म 2441 वर काकूंचं नाव, पत्ता, कर नंबर लिहावा लागतो. पगार लपवलास तर तो कागद कोणत्या तोंडाने भरशील?

तुला जाच वाटतो, आणि मला इथे बसून थोडा हेवा वाटतो. आईकडे कामाला असलेल्या ताईंसाठी मला जवळजवळ काहीच भरावं लागत नाही. पीएफ 20 माणसांच्या आस्थापनेला, आपलं घर त्यात बसत नाही. महाराष्ट्रात बाईमाणसाला महिना 25,000 पर्यंत व्यवसाय कर नाही. इन्कम टॅक्सचा तर प्रश्नच नाही. म्हणजे म्हातारपणाची सोय सगळी मालकिणीच्या मर्जीवर! श्रमयोगी मानधन योजनेत 60 नंतर महिना 3,000 मिळतात, पण नाव 40 च्या आत घालावं लागतं, आणि ताई 46 च्या. मग 2008 च्या कायद्याने झालेल्या घरेलू कामगार मंडळात त्यांची नोंदणी केली. बँकेतून 20 रुपयांचा अपघात विमा आणि 436 रुपयांचा जीवन विमा दरवर्षी जातो, ते पैसे मी देते. पोस्टात त्यांच्या नावाने आरडीही काढलीय. पगार खात्यात जमा करते, उचल वहीत लिहिते. महिन्याला चार सुट्ट्या भरपगारी. आई अजून कॅलेंडरवर खाड्यांच्या फुल्या मारते, ती सवय काही सुटत नाही.

काकूंशी बोलताना हातात नक्की किती पडणार, तो आकडा आधी ठरव. कापल्यावर कमी आले असं त्यांना वाटायला नको. हवं तर मूळ पगारच थोडा वाढव. ठरलेलं मराठीत कागदावर लिहून दोघींनी सही करा: तास, सुट्ट्या, जास्तीच्या वेळेचे पैसे. मला आठवड्याचा आकडा कळव, वर्षाचा हिशेब मांडून पाठवते. ईराचा फोटोही पाठव, आईने तीनदा विचारलंय.

तुझी,
मंजू