जादा गाड्यांआधी दुसरा रूळ मागूया

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गणेशोत्सव जवळ आला की आपल्या अंकात कोकणासाठी जादा गाड्या सोडण्याची मागणी करणारी पत्रे येऊ लागतात. अशी पत्रे मीही लिहिली आहेत, लालबागमधल्या आमच्या मंडळाच्या लेटरहेडवर निवेदनेही दिली आहेत. यंदा मला वेगळी मागणी करायची आहे, आणि ती सरकारच्या आधी माझ्याच गाववाल्यांना पटवायची आहे.

गेल्या वर्षी आईला घेऊन जादा गाडीनेच कणकवलीला निघालो. चिपळूण मागे पडल्यावर एका लहानशा स्थानकात गाडी थांबली. समोरून एक गाडी गेली. आता सुटणार म्हणेतो मागून आलेली एक जलद गाडी पुढे काढली, मग समोरून आणखी एक आली. तास उलटून गेला. बाहेर धो धो पाऊस, डब्यात दारापर्यंत माणसे, बोचकी, पेंगणारी पोरे. ऐंशी ओलांडलेली माझी आई चार वेळा विचारून झाली, "गाडी सुटाक अजून किती येळ रे?" दोष स्टेशन मास्तरांचा नव्हता, इंजिन चालवणाऱ्याचाही नव्हता. पुढे रूळच एक होता.

कोकण रेल्वे १९९८ च्या जानेवारीत पूर्ण सुरू झाली. रोहा ते मंगळूरजवळचे ठोकूर हे अंतर ७४१ किलोमीटर. त्यातला रोहा ते महाडजवळचे वीर हा सुमारे ४७ किलोमीटरचा टप्पा २०२१ मध्ये दुहेरी झाला. पुढे कोकणात उतरायचे ते एकेरी मार्गानेच. एकेरी मार्गावर दोन स्थानकांच्या मधे एका वेळी एकच गाडी असू शकते, दुसरीने बाजूच्या रुळावर थांबायचे. म्हणजे आपण एक जादा गाडी मागितली की समोरून येणाऱ्या प्रत्येक गाडीशी तिचे एक क्रॉसिंग वाढते. एक रखडली की तिच्या क्रॉसिंगची वाट पाहणारी दुसरी रखडते, आणि नेहमीच्या गाड्यांचे वेळापत्रकही कोलमडते. २०२३ च्या जूनमध्ये मुंबई-मडगाव वंदे भारत सुरू झाली. गाडी उत्तम आहे, पण एकेरी रुळावर तिला वाट द्यायची तर कुणाला तरी थांबावेच लागणार. ते थांबणे बहुतेक वेळा पॅसेंजरच्या नशिबी येते.

सगळा मार्ग एका दमात दुहेरी करा, असे मी म्हणत नाही. ९१ बोगदे आहेत. एकट्या कारबुडे बोगद्याची लांबी साडेसहा किलोमीटर. मऊ मातीचे बोगदे खणताना त्या वेळी काय हाल झाले, हे रत्नागिरीकडच्या जुन्या माणसांना विचारावे. पण जिथे मोठा बोगदा किंवा उंच पूल नाही अशा सलग दोन-तीन स्थानकांच्या पट्ट्यात दुसरा रूळ टाकता येतो. पट्टा पुरेसा लांब असला तर समोरासमोरच्या गाड्या न थांबता एकमेकींना ओलांडतात. खारेपाटण, आचिर्णे, कडवई अशी नवी क्रॉसिंग स्थानके झाली, तो याच वाटेवरचा स्वस्तातला पहिला टप्पा होता. त्याचा पुढचा टप्पा हवा.

पैसा कुठून, हा प्रश्न रास्त आहे. ही रेल्वे केंद्र आणि महाराष्ट्र, कर्नाटक, गोवा, केरळ या राज्यांच्या भागभांडवलावर आणि मुख्यतः कर्जरोख्यांवर उभी राहिली. कर्ज फेडण्यासाठी भाड्याच्या हिशेबात अंतर ४० टक्के वाढवून धरले जाऊ लागले. शंभर किलोमीटर जाणाऱ्या कोकणी माणसाने एकशे चाळीस किलोमीटरचे भाडे मोजले, तेही निमूटपणे. आता महाराष्ट्रानेही कोकण रेल्वेच्या भारतीय रेल्वेतील विलीनीकरणाला संमती दिली आहे. २०२५-२६ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात रेल्वेच्या भांडवली खर्चासाठी २.५२ लाख कोटी रुपये होते. इतकी वर्षे जास्त भाडे भरलेल्या प्रवाशांचा अशा पैशावर हक्क आहे.

मात्र सगळा पैसा कोकणात ओतला तरी गाडी मुंबईच्या दारात अडकणारच. कुर्ल्यापासून आत येणाऱ्या लांब पल्ल्याच्या गाडीला लोकलच्या रुळांतून वाट काढावी लागते. या गाड्यांना लोकलपासून वेगळी वाट देणारी ठाणे-दिवा पाचवी आणि सहावी मार्गिका २००८ साली हाती घेतली, ती २०२२ च्या फेब्रुवारीत सुरू झाली. परळ आणि त्यापुढे सीएसएमटीपर्यंतचे काम अजून डोक्यावर आहे. दादरहून सुटणारी रत्नागिरी पॅसेंजर करोनानंतर दिव्याहून सुटू लागली. ज्याला आरक्षण परवडत नाही, त्याने पेट्या आणि पोरे घेऊन गर्दीच्या लोकलने दिवा गाठायचे! मार्गिका रखडतात त्या बहुतेक जमिनीपायी. म्हणून रूळ, स्लीपर, सिग्नल यांच्या निविदांआधी जमिनीसाठी आणि रुळांकाठच्या कुटुंबांच्या पुनर्वसनासाठी पैसा खर्च व्हावा. घर मिळालेला माणूस कोर्टात जात नाही, आणि त्याला घर मिळणे हे तसेही न्यायाचेच आहे.

मालगाड्यांसाठीच्या पश्चिम समर्पित मार्गाचेही तेच. दिल्लीजवळचे दादरी ते उरणजवळचे जेएनपीटी बंदर अशा १,५०६ किलोमीटरच्या या मार्गात वैतरणा ते जेएनपीटी हा आपल्याजवळचा तुकडा सगळ्यात मागे राहिला. मालगाड्या तिकडे वळल्या तरच इकडे प्रवासी गाड्यांना जागा होते.

गाड्यांची लांबी वाढवणे हे सर्वांत कमी खर्चाचे काम. सीएसएमटीचे फलाट १० आणि ११ चोवीस डब्यांसाठी लांब केले, तसे वाटेतल्या स्थानकांवरही व्हावे. मग त्याच एका फेरीत जास्त माणसे जातील. ते वाढीव डबे मात्र जनरल आणि स्लीपरचे असावेत. राजापूरचे खासदार मधु दंडवते १९७७ मध्ये रेल्वेमंत्री झाले आणि त्यांनी दुसऱ्या वर्गाच्या लाकडी फळ्यांवर गादी आणली. त्याने गाड्यांचा वेग वाढला नाही, पण तो खर्च देशभरच्या गरीब प्रवाशाच्या पाठीपर्यंत पोचला. माझ्या वडिलांना ती पहिली गादी आठवत असे.

मुंबई-अहमदाबाद बुलेट ट्रेनला माझा विरोध नाही. तिचा ५०८ किलोमीटरचा मार्ग स्वतंत्र निधीने उभा राहतो, तशीच तरतूद वीरच्या पुढच्या दुसऱ्या रुळासाठी व्हावी, एवढेच मागणे आहे.

गाववाल्यांना विनंती, यंदा निवेदन घेऊन खासदारांकडे जाल तेव्हा जादा गाड्यांच्या यादीच्या वर एक प्रश्न लिहून न्या: वीरपासून पुढचा दुसरा रूळ कोणत्या स्थानकापर्यंत टाकणार, आणि कोणत्या महिन्यापर्यंत?

आपला,
एक चाकरमानी, लालबाग, मुंबई