विषय: जिंजरब्रेड घराचा साचा छपराला कमी पडतोय आणि हिरव्या ठिपक्याच्या डब्यात अंडं निघालंय, त्याबद्दल तक्रार

प्रति, ग्राहक तक्रार अधिकारी,

नमस्कार,

हा माझा पाचवा मेल आहे. आधीच्या चारही मेलना तुमच्याकडून एकच उत्तर आलं, "तुमचा अनुभव आमच्यासाठी महत्त्वाचा आहे", म्हणून यावेळी अनुभवच सविस्तर लिहायलेय, जरा वेळ काढून शेवटपर्यंत वाचा. ऑर्डर नंबर मेलच्या विषयात टाकलाय, फोटो सोबत जोडलेत.

मी लातूरची. आमच्या समोर एक सिस्टर राहतात, सरकारी दवाखान्यातून रिटायर झालेल्या. आमच्याकडून दिवाळीला त्यांच्याकडं चिवडा-लाडूचा डबा जातो आणि नाताळला त्यांच्याकडून करंज्या, कलकल आणि केक येतो, हे गेली पंधरा वर्षं चाललंय. यंदा म्हणलं दरवेळी तोच लाडूचा डबा कशाला, नाताळला आपणच काहीतरी हाताने करून देऊ, नुसतं सिस्टरलाच नाही तर गल्लीतल्या आणि नात्यातल्या मिळून आठ घरी. माझा भाचा जर्मनीत न्यूरेंबर्गला होता, तिकडं हे जिंजरब्रेड, म्हणजे मसाल्याचं बिस्कीट, लेबकुखेन म्हणतात त्याला, लई प्रसिद्ध. त्याने त्या बिस्किटाच्या घराचे फोटो पाठवले, छपरावर पांढरं आयसिंग बर्फासारखं सोडलेलं, आणि माझ्या डोक्यात ते बसलंच. मग तुमचा सेट दिसला, सहा साचे, आयसिंगचं पाकीट, रेसिपीचं कार्ड, 899 रुपये. मागवला.

आता साहित्याचं म्हणाल तर त्यात मला काही अडचण नव्हती. तुमच्या कार्डावर मोलॅसिस लिहिलंय, आमच्याकडं गुऱ्हाळावरची काकवी मिळते, तिच्यासारखा रंग आणि वास दुसऱ्या कशाला यायचा नाही. सुंठ, दालचिनी, लवंग, जायफळ घरचंच. पण कार्डावर एवढ्या मैद्याला एक मोठा चमचा सोडा सांगितलाय तो कशासाठी? घराच्या भिंतीला सोडा जवळजवळ लागतच नाही, भिंत फुगून पसरते आणि कडा गोल होतात. पहिला घाणा तसाच झाला, दार आणि खिडकी एकमेकांत गेली. तो पोरांनी चहासोबत संपवला, त्याची तक्रार नाही. दुसऱ्या वेळी सोडा काढला, कणीक थंड करून लाटली, 175 डिग्रीवर भाजलं आणि गरम असतानाच कडा सुरीने सरळ केल्या. डिसेंबरात आमच्याकडची हवा कोरडी, त्यामुळं भिंती अशा खडखडीत झाल्या की एकमेकींवर वाजवल्या तर कौलासारखा आवाज यायला. एका घराला सहा तुकडे, आठ घरांचे अठ्ठेचाळीस, माझ्या छोट्या ओव्हनमध्ये एका ट्रेवर चारच मावतात, म्हणजे बारा ट्रे, त्यात दोनदा लाईट गेली. दोन संध्याकाळी गेल्या यात.

तिसऱ्या संध्याकाळी घर उभं करायला बसले. चार भिंती उभ्या केल्या, आयसिंग वाळू दिलं, मग छप्पर ठेवलं आणि ते बसायलंच नाही हो. खाली टेकवलं तर वर फट, वर जुळवलं तर खाली भिंत उघडी. मला वाटलं माझंच काहीतरी चुकलं, तुकडे अदलाबदल करून बघितले, उलटे करून बघितले. रात्री अकराला एक छप्पर घसरलं आणि सोबत बाजूची भिंत घेऊन गेलं, टेबलावर चुरा.

माझे सासरे, मी त्यांना मामा म्हणते, गवंडीकाम करायचे. 30 सप्टेंबर 1993 च्या भूकंपानंतर किल्लारी-सास्तूरकडं पुनर्वसनाची घरं बांधायच्या कामावर होते ते बरीच वर्षं. दगड-मातीच्या भिंतीवर जड माळवद, म्हणजे मातीचं सपाट छत, असलं की काय होतं ते त्यांनी डोळ्यांनी बघितलंय, त्यामुळं घर पडलं यावर आमच्या घरात कोणी सहसा हसत नाही, पण त्या रात्री मामा हसले. मग चष्मा लावला, पट्टी घेतली आणि तुमचे साचे मोजले. म्हणले, "पोरी, हे कंच्या मिस्तरीनं काढलंय? यानं घर बांधलंच नाही की."

त्यांनी मोजलेलं जसंच्या तसं देतेय. समोरच्या भिंतीचा साचा रुंदीला 10 सेंटिमीटर, बाजूची उंची 8 आणि मधल्या टोकाची उंची 13. म्हणजे अर्धी रुंदी 5 आणि चढ 5, तर उताराची लांबी सातपेक्षा थोडी जास्त येते, हे आमच्या नववीतल्या पोरीने पायथागोरस लावून 7.07 काढून दाखवलं. तुमच्या छपराचा साचा किती आहे माहितेय? 6.5. नुसती भिंत झाकायलाच अर्धा सेंटिमीटरपेक्षा जास्त कमी पडतोय, आणि छपराला बाहेर वळचण लागते ती वेगळीच. लांबीचंही तेच. बाजूची भिंत 12 सेंटिमीटर आणि छप्परही 12, पण पुढची-मागची भिंत तर जाडीला जागा घेते ना, सहा-सहा मिलिमीटर धरले तरी 13.2 होतात. भिंतीची जाडी धरायची विसरलात तुम्ही. मामा म्हणले ही चूक शिकाऊ पोरगंसुद्धा एकदाच करतं.

तुमच्या हेल्पलाईनवरच्या ताईंनी यावर मला काय सांगितलं तर, "मॅडम फट असेल तर डेकोरेशनने झाकता येते." फोटोत जेम्सच्या गोळ्या लावलेल्या दिसतात त्या याच्यासाठीच का मग? तुमच्या डब्यावरचा फोटो मी झूम करून बघितला, त्यातलं छप्पर भिंतीच्या बाहेर चांगलं बोटभर आलेलं आहे. म्हणजे फोटोतलं घर या साच्याचं नाहीच. कोणीतरी दुसऱ्याच साच्याने बांधलेलं घर छापलंय.

आता दुसरी गोष्ट, आणि ही मला जास्त लागलीय. आयसिंगच्या पाकिटावर "फक्त पाणी घाला" एवढं मोठ्या अक्षरात आहे. तीन घरं त्याने जोडून झाली होती, तेव्हा पोरीने मोबाईलचा कॅमेरा लावून पाकिटाच्या शिवणीजवळची बारीक अक्षरं वाचली, त्यात एग अल्ब्युमिन पावडर. अंड्याचा पांढरा भाग. आणि बाहेर डब्यावर ठसठशीत हिरवा ठिपका! अंडं असेल तर चौकोनात तपकिरी त्रिकोण लागतो हे मला घरात बसून माहीत आहे, तुम्ही तर विकायला बसलात. आठातलं एक घर आमच्या शेजारच्या जैन काकूंकडं जाणार होतं. त्या कांदा-लसूण खात नाहीत, माझ्या हातचं मात्र कधी विचारत नाहीत, निर्धास्त खातात. हेच घर मी त्यांना दिलं असतं तर? पोरीने वाचलं म्हणून वाचलो, नाहीतर काकूंना तोंड काय दाखवलं असतं.

मग उरलेलं सगळं मीच निस्तरलं. मामांनी लग्नपत्रिकेच्या जाड कार्डाचं छप्पर कापून दिलं, साडेआठ बाय साडेचौदा, ते कणकेवर ठेवून सुरीने कापलं, म्हणजे नव्या सोळा छपरांचा आणखी एक घाणा. जोडायला आयसिंग बाजूला ठेवून साखरेचा पाक केला, चिक्कीला करतो त्याच्याही पुढं नेलेला, तांबूस. तो दोन मिनिटांत दगडासारखा धरतो, पण हातही तेवढ्याच जोरात पोळतो, माझ्या अंगठ्याला अजून डाग आहे. काकूंचं घर असं पाकाने जोडून त्यावर पिठीसाखर भुरभुरली. अंड्याची तीन घरं अंडं खाणाऱ्यांकडंच सांगून दिली. सिस्टरचं घर चोवीस तारखेला रात्री साडेनऊला पोचलं, त्या चर्चला निघायच्या गडबडीत होत्या. केवढा तरी वेळ हातात धरून बघत उभ्या राहिल्या बिचाऱ्या, पण मला डोळ्यासमोर नुसती फटच दिसत होती.

रिटर्नचं म्हणाल तर तुमचं उत्तर, साचा वापरलेला आहे आणि अनबॉक्सिंगचा व्हिडिओ नाही. डबा उघडतानाच्या व्हिडिओत छप्पर अर्धा सेंटिमीटर कमी आहे हे कसं दिसणार होतं ते तरी सांगा. आणि वापरल्याशिवाय ते कळणार कसं?

ई-कॉमर्सचे 2020 चे नियम मी वाचलेत. तक्रार अधिकाऱ्याने 48 तासांत पोच द्यायची आणि महिन्याच्या आत तक्रार सोडवायची असते. माझा पहिला मेल 19 डिसेंबरचा आहे, पोच अजून नाही, नुसतं ऑटोमॅटिक उत्तर आलंय. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याने मला तुमच्या शहरात यायची गरज नाही, लातूरच्या जिल्हा ग्राहक आयोगातच तक्रार करता येते आणि एवढ्या रकमेला फीही नाही. त्याच्या आधी 1915 वर, राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईनला, फोन करणार आहे. धमकी नाही, वेळापत्रक सांगतेय.

मला 899 रुपये परत पाहिजेत. हिरवा ठिपका असलेला माल बाजारातून मागं घ्या, हे पैशापेक्षा आधी करा, कारण माझ्यासारखीच कोणीतरी आत्ता कुणाच्या तरी काकूंसाठी तो डबा उघडत असेल. आणि साच्याचं माप ज्याने काढलं त्याला एक डबा द्या, मैदा-काकवी द्या आणि एक घर उभं करायला सांगा, दुसरं साहित्य न वापरता. उभं राहिलं तर फोटो पाठवा, मी तक्रार मागं घेते.

साचे धुऊन, कोरडे करून मूळ डब्यात ठेवलेत. अर्धं पाकीट आयसिंगही त्यातच आहे. पिकअपवाला दुपारी चारनंतर पाठवा, त्याआधी घरी फक्त मामा असतात आणि ते त्याला छपराचं माप समजावून सांगितल्याशिवाय सोडणार नाहीत.

आपली,
एक ग्राहक, लातूर