छत्तीस नोंदींचे आभार

स्ट्रोक युनिटमधल्या रात्रपाळीच्या सिस्टरांना,
सप्रेम नमस्कार.

मेंदूच्या धमनीतली गुठळी विरघळवणारं इंजेक्शन (आल्टेप्लेझ) दिलं आणि पेशंटचा हात हलू लागला, की कौतुक होतं ते इंजेक्शनचं. पुढच्या चोवीस तासांत त्याच पेशंटच्या चार्टवर बीपीच्या ३६ नोंदी होतात, त्या कुणी बघत नाही. पहिले दोन तास दर पंधरा मिनिटांनी, म्हणजे ८. पुढचे सहा तास दर अर्ध्या तासाने, १२. उरलेले सोळा तास तासातासाला, १६. हे पत्र त्या ३६ नोंदींबद्दल आहे. प्रोटोकॉलच्या कागदावर ‘१८०/१०५ च्या खाली ठेवा’ एवढंच छापलेलं असतं, का ते नसतं. ते कारण मांडूनच आभार मानावेत असं वाटलं.

ते कारण रक्त आणि मेंदू यांच्यामधल्या भिंतीत आहे. पुस्तकात तिच्यासाठी ‘रक्त-मेंदू अडथळा’ असा शब्द सापडतो. आम्हाला ‘अडसर’ जास्त पटतो. अडथळा नुसती वाट अडवतो. अडसर दाराला असतो, आणि कुणाला आत घ्यायचं ते आतला माणूस ठरवतो. १८८५ मध्ये पाउल एर्लिख यांनी प्राण्यांच्या रक्तात रंग सोडले, तेव्हा बाकीचे अवयव रंगले आणि मेंदू कोरा राहिला. मेंदूला रंग धरतच नसेल, असा त्यांचा समज झाला. त्यांचे शिष्य एडविन गोल्डमन यांनी १९१३ मध्ये प्रयोग उलटा केला आणि रंग मेंदूभोवतीच्या पाण्यात सोडला. आता मेंदू निळा झाला, बाकी शरीर कोरं. म्हणजे रंग धरत होता, मधे कुणीतरी दार लावून बसलं होतं. ते दार नेमकं कुठे आहे हे १९६७ मध्ये इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली दिसलं: केशवाहिनीच्या आतल्या अस्तराच्या पेशींमध्ये.

या पेशी एकमेकींना क्लॉडिन-५, ऑक्लुडिन अशा प्रथिनांनी इतक्या घट्ट शिवलेल्या असतात की दोन पेशींच्या फटीतून सोडियमचा कणसुद्धा सहज जात नाही. अस्तराच्या बाहेर पायाभूत पटल, म्हणजे कोलॅजन आणि लॅमिनिनचं पातळ विणकाम. त्याला बिलगून केशवाहिनीला वेढणाऱ्या पेरिसाइट पेशी, आणि सगळ्यांवरून तारकापेशींच्या (मेंदूतल्या आधार देणाऱ्या पेशींच्या) पावलांचं वेष्टन. यातला एकही थर फुकट टिकत नाही, प्रत्येकाला अखंड ऑक्सिजन आणि साखर लागते. स्ट्रोकमध्ये नेमकं तेच तुटतं.

मेंदूच्या १०० ग्रॅम भागाला मिनिटाला साधारण ५० मिलिलिटर रक्त मिळतं. ते २० च्या खाली गेलं की काम थांबतं, १० च्या आसपास आलं की पेशी मरू लागतात. पहिल्या काही मिनिटांत पेशींचे सोडियम बाहेर फेकणारे पंप बंद पडतात, सोडियममागोमाग पाणी आत शिरतं आणि पेशी फुगतात. अडसर अजून शाबूत असतो, म्हणून साध्या सीटीत या वेळी फारसं काही दिसत नाही. नातेवाईक म्हणतात, ‘स्कॅन तर नॉर्मल आहे.’ तो नॉर्मल असणं ही चांगली बातमी असते, पण तिची मुदत थोडी असते.

मग अडसर सैलावतो, आणि तोही एकदम नाही. उंदरांवरच्या प्रयोगांत आधी, पहिल्या सहा तासांत, अस्तराच्या पेशी रक्तातली प्रथिनं छोट्या पिशव्यांत भरून स्वतःतूनच पलीकडे नेऊ लागतात. पेशींमधली शिवण त्यानंतर उसवते, एक-दोन दिवसांनी. मधल्या काळात एमएमपी-९ हे विकर पायाभूत पटलाचं विणकाम कुरतडतं, आणि त्याचा मोठा साठा रक्तातून तिथे धावून आलेल्या पांढऱ्या पेशी सोबत आणतात. पेरिसाइट आकसतात आणि तशाच आकसलेल्या मरतात. त्यामुळे मोठी धमनी मोकळी झाली तरी बारीक वाहिन्या काही ठिकाणी मिटलेल्याच राहतात.

आता इथे रक्त पुन्हा सुरू करा. ऑक्सिजनबरोबर मुक्त मूलकांचा, म्हणजे पेशींना इजा करणाऱ्या अस्थिर कणांचा, लोंढा येतो. शिवाय आपण दिलेलं आल्टेप्लेझ गुठळीवर थांबत नाही. ते फुटक्या अडसरातून पलीकडे झिरपतं आणि एमएमपी-९ आणखी वाढवतं. ज्या औषधाने वाट मोकळी होते, तेच औषध वाटेच्या भिंती कच्च्या करतं. १९९५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एनआयएनडीएस या अमेरिकेतल्या चाचणीत औषध मिळालेल्या ६.४ टक्के पेशंटना ३६ तासांच्या आत लक्षणं दिसण्याइतका रक्तस्राव मेंदूत झाला. न मिळालेल्यांत तो ०.६ टक्के होता. तरीही तीन महिन्यांनी अपंगत्व नसलेले किंवा अगदी कमी असलेले पेशंट औषधाच्याच गटात जास्त होते. म्हणून औषध द्यायचं, आणि म्हणूनच पहारा ठेवायचा.

निरोगी मेंदू सरासरी रक्तदाब साधारण ६० ते १५० च्या दरम्यान कितीही वरखाली झाला तरी वाहिन्या आकसून-फुलवून प्रवाह सारखा ठेवतो. स्ट्रोकच्या भागात ही सोय संपलेली असते. दंडातला दाब जवळपास जसाच्या तसा उसवलेल्या केशवाहिनीवर येतो. पहाटे पावणेतीनला दंडावरच्या कफने (बीपीच्या पट्ट्याने) वरचा दाब १९२ दाखवला, तर ती १९२ ची थाप थेट तिथे बसते. पाच मिनिटांनी पुन्हा मोजून तो आकडा तसाच आला, की तुम्ही ट्रेमधलं लॅबेटालॉल हे बीपी उतरवणारं औषध काढता: १० मिलिग्रॅम, शिरेतून, एक-दोन मिनिटांत सावकाश. हृदयाचे ठोके ५५ च्या खाली असतील तर न देता आधी फोन करता. त्या फोनचेही आभार.

आणि बीपी फार खाली न आणल्याबद्दलही. ११० चा आकडा चार्टवर देखणा दिसतो, पण मेलेल्या भागाभोवती अर्धपोटी जगणारा पट्टा त्याच दाबावर तगलेला असतो. २०२२ मध्ये चीनमधल्या एका मोठ्या चाचणीत यंत्राने गुठळी काढल्यावर वरचा दाब १२० च्या खाली ठेवलेल्या पेशंटची अवस्था जास्त वाईट निघाली आणि चाचणी मधेच थांबवावी लागली.

कफ तुम्ही औषधाची शीर असलेल्या दंडावर बांधत नाही. बांधला तर दर पंधरा मिनिटांनी औषधाची धार अडते आणि कफने दाबलेल्या जागी शीर फुटून दंड काळानिळा होतो. साठ किलोच्या पेशंटला आल्टेप्लेझ ५४ मिलिग्रॅम, त्यातलं ५.४ पहिल्या मिनिटात, उरलेलं ४८.६ एका तासात. पावडर विरघळवताना बाटली हलवायची नाही, तळहातात हलकेच फिरवायची, नाहीतर फेस होऊन मात्रा चुकते. सगळ्यात जास्त विसरली जाणारी गोष्ट म्हणजे नळी. पंप ‘संपलं’ म्हणून ओरडतो तेव्हा शेवटचे काही मिलिलिटर नळीतच असतात. तुम्ही त्याच वेगाने नॉर्मल सलाईन जोडून ते आत पोचवता. नळी काढून टाकली असती तर पेशंटला औषध कमी मिळालं असतं आणि चार्टवर मात्र पूर्ण दिसलं असतं.

डेक्स्ट्रोजची बाटली लावायला तुम्ही नकार देता, तेही याच हिशेबात बसतं. वाढलेली साखर अडसर आणखी खिळखिळा करते, आणि साखर वापरली गेली की उरलेलं नुसतं पाणी सुजलेल्या मेंदूत शिरतं. साखर १४० ते १८० च्या दरम्यान, ताप ३८ अंशांच्या वर जाऊ द्यायचा नाही. ॲस्पिरिन चोवीस तासांनंतरच्या सीटीपर्यंत बंद. नाकातली नळी, लघवीची नळी टाळता येण्यासारखी असेल तर टाळायची. गिळण्याची चाचणी होईपर्यंत तोंडाने काही नाही; ‘दोन घोट चहा तरी द्या’ म्हणत थर्मास घेऊन उभ्या असलेल्या आत्याबाईंना थोपवणं हे लॅबेटालॉल देण्यापेक्षा अवघड काम आहे, हे आम्ही जाणतो.

रक्तस्रावाची चाहूल बहुतेकदा तुम्हालाच आधी लागते. पेशंट कपाळाला हात लावतो, उलटी होते, बीपी एकाएकी उसळतं, मघाशी उत्तर देणारा माणूस पेंगू लागतो. तुम्ही आधी पंप बंद करता आणि मग फोन उचलता, हा क्रम बरोबर आहे. उलटा केला तर फोन लागेपर्यंत औषध चालूच राहतं. त्यानंतरचा सीटी, रक्तस्राव थांबवण्यासाठी १० युनिट क्रायोप्रेसिपिटेट किंवा १००० मिलिग्रॅम ट्रानेक्झॅमिक ॲसिड हे सगळं त्या बटणानंतर येतं. ओठ किंवा जीभ सुजली तरी पंप बंदच. रॅमिप्रिल, एनालाप्रिलसारख्या बीपीच्या गोळ्या घेणाऱ्यांत ही सूज जास्त दिसते, म्हणून घरून आणलेली गोळ्यांची पिशवी तुम्ही रिकामी करून बघता.

३६ नोंदी संपल्या की चार्ट बदलतो, अडसर मात्र उघडाच असतो. प्रथिनं आणि पाणी झिरपून येणारी सूज तिसऱ्या ते पाचव्या दिवशी टोकाला जाते. मोठ्या स्ट्रोकमध्ये एका डोळ्याची बाहुली मोठी होणं वाट बघण्यासारखं नसतं. साठीच्या आतल्या पेशंटला कवटीचा तुकडा काढून जागा करून द्यायची, तर ते ४८ तासांच्या आत ठरावं लागतं. दर तासाला टॉर्च मारून लिहिलेल्या ‘३ मिमी, ३ मिमी’ या ओळींवर सर्जन तो निर्णय घेतो.

चार्टची मागची बाजू कोरी असते. तिथे ‘१८०/१०५ का?’ एवढ्याचं उत्तर मोठ्या अक्षरांत छापून घेतो आहोत, नवीन सिस्टरांसाठी. मजकूर सोबत जोडला आहे. वाचायला जड वाटेल ते वाक्य पेनाने खोडून परत पाठवा.

आपले,
न्यूरॉलॉजी आणि रेडिऑलॉजी विभाग