नमुना शनिवार-रविवार वाट पाहत नाही

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

नागपूरच्या धंतोलीतल्या एका लॅबमध्ये मी २९ वर्षं टेक्निशियन होते. निवृत्त झाले, तरी एक नमुना डोक्यातून जात नाही. मे महिना, गडचिरोलीतल्या धानोऱ्याकडचं आठ महिन्यांचं बाळ. तीनदा न्यूमोनिया, आणि बीसीजी टोचलेल्या हाताच्या काखेत लिंबाएवढी गाठ. सीबीसीत, म्हणजे रक्तपेशींच्या साध्या मोजणीत, लिम्फोसाइट्स (रोगाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी) कमी. शंका अशी, की प्रतिकारशक्ती जन्मजातच कमी असावी. त्यातल्या टी प्रकारच्या कमी की बी प्रकारच्या, ते सीबीसीवरून कळत नाही. त्याला फ्लो सायटोमेट्री, म्हणजे पेशींचे प्रकार वेगवेगळे मोजणारी तपासणी, लागते. ती आमच्याकडे नव्हती, नमुना बाहेरगावी जायचा. वडिलांना बस गाठायची होती, म्हणून शुक्रवारी दुपारी जांभळ्या झाकणाची ट्यूब मीच पॅक केली. शुक्रवारी पाठवू नये हे मला ठाऊक होतं. सोमवारी फोन आला: पेशी मेल्या, नमुना बाद. वडिलांना कळवलं तर एवढंच म्हणाले, "पुन्हा रक्त काढा लागते का जी?" दुसरा नमुना आलाच नाही.

फ्लोला पेशी धड लागतात, तेही एक-दोन दिवसांत. आपल्या उन्हाळ्यात, त्यात कुरिअरने!

२०१८ मध्ये बर्लिनमधल्या संशोधकांनी वेगळी वाट मांडली. सगळ्या पेशींत डीएनए तोच, पण त्यावर चिकटलेल्या मिथाइल या रसायनाच्या खुणा पेशीच्या प्रकारागणिक वेगळ्या. टी पेशीत सीडी३ जनुकाच्या ठरावीक जागी खूण नसते, इतर पेशींत असते. बायसल्फाइट या रसायनाची प्रक्रिया केली की डीएनएतलं सायटोसिन हे बिनखुणेचं अक्षर बदलतं, खुणेचं तसंच राहतं. मग पीसीआरवर बिनखुणेच्या प्रती मोजल्या की टी पेशींचा हिशेब लागतो. पेशी मेली तरी डीएनए टिकतो, त्यामुळे फिल्टर पेपरवर वाळलेला थेंबही चालतो. जन्मजात प्रतिकारशक्ती कमी असलेल्या नवजात बाळांच्या अशा थेंबांवर त्यांनी ही मोजणी करून दाखवली.

कागदावर थेंब घेणं आपल्या सिस्टरना नवीन नाही. एचआयव्हीबाधित आईच्या बाळाचा नमुना सहाव्या आठवड्यात असाच घेतात. पीसीआर यंत्रं कोविडनं आणून ठेवलीच आहेत.

फ्लो मोडीत काढा, असं मी म्हणत नाही. पेशी आहे पण काम करत नाही, हे या मोजणीतून दिसणार नाही. बायसल्फाइटमध्ये बराच डीएनए तुटतोही, तेव्हा कागदावरचं वर्तुळ रक्तानं पूर्ण भरलेलं हवं. (अर्धवट भरलेली वर्तुळं ही आमच्या धंद्यातली जुनी डोकेदुखी.)

नागपूरच्या मेडिकल, मेयो, एम्स या रुग्णालयांपैकी एकानं तरी फ्लोसाठी रक्त काढलेल्या प्रत्येक बाळाचा एक थेंब कागदावरही घ्यावा आणि दोन्ही आकडे वर्षभर शेजारी ठेवून पाहावेत. जुळले तर गडचिरोलीचा थेंब टपालानं येऊ शकेल. जिवंत लस अशा बाळाला बाधू शकते. त्यातली बीसीजी जन्मतःच टोचतात, ती टळणार नाही. पण दीड महिन्याला रोटाव्हायरसचे जिवंत थेंब पाजण्याआधी तरी डॉक्टरांच्या हातात आकडा असेल.

— एक निवृत्त लॅब टेक्निशियन, मानेवाडा, नागपूर