आकाशवाणी की गडगडाट?

संपादक साहेब, स.न.वि.वि.

रविवारच्या पुरवणीतला शुभवर्तमानातल्या, म्हणजे बायबलमधल्या येशूचरित्रातल्या, आकाशवाणीवरचा लेख वाचला. लेखकानं कंसाची आकाशवाणी आणि येशूच्या वेळची वाणी एकाच माळेत ओवलीये, आणि शेवटी म्हणतात की ढग गडगडले असतील, भाविकांनी त्याचा देव केला. मला राग नाही आला, गंमत वाटली, कारण ही शंका बायबलमध्येच छापलेली आहे! योहानाच्या शुभवर्तमानाचा 12 वा अध्याय काढून बघा. वल्हांडण या यहुदी सणासाठी येशू यरुशलेमात आलाय, काही ग्रीक लोक फिलिप्प या शिष्याला गाठून म्हणतात आम्हाला त्याला भेटायचंय, आणि इकडे येशू म्हणतो माझा जीव अस्वस्थ झालाय, देवबापाला काय सांगू, या घडीतून मला सोडव म्हणू? मग म्हणतो, बापा, तुझ्या नावाचं गौरव कर. तेवढ्यात वाणी होते, आणि उभे असलेल्यांतले काही म्हणतात गडगडाट झाला, काही म्हणतात देवदूत बोलला. योहान दोघांचंही लिहून ठेवतो आणि गडगडाटवाल्यांना एका शब्दानंही खोडत नाही.

आणि खरी मेख पुढेच आहे. येशू म्हणतो ही वाणी माझ्यासाठी नाही, तुमच्यासाठी झाली. आता ज्यांच्यासाठी झाली त्यांनाच ती कळली नाही, याला काय म्हणायचं? मी वर्षानुवर्षं या ओळीवर अडकलोय, आमच्या पाळकसाहेबांनाही दोनदा विचारून झालंय.

यहुद्यांच्या हिब्रू भाषेत 'कोल' म्हणजे आवाज, आणि मेघगर्जनेलाही तोच शब्द. बायबलमधलं 29 वं स्तोत्र वाचा, परमेश्वराची वाणी सात वेळा येते आणि ते सगळं वादळाचंच वर्णन आहे, गंधसरूची झाडं मोडतायत, रान हादरतंय. म्हणजे गडगडाट ऐकला म्हणणारा माणूस तिथे नास्तिक ठरत नाही, एवढंच की त्याला शब्द ऐकू आले नाहीत.

कंसाचं म्हणाल तर तिथे वाणी पुढचं सांगते, देवकीचा आठवा तुला मारणार, आणि तो लगेच तलवार उपसतो. मार्काच्या शुभवर्तमानात येशूच्या बाप्तिस्म्याच्या, म्हणजे पाण्यातल्या दीक्षेच्या, वेळी असं भविष्यबिविष्य काही नाही, फक्त 'तू माझा पुत्र, मला प्रिय' एवढंच, बाप मुलाशी बोलतोय असं. मत्तयाच्या शुभवर्तमानात तेच वाक्य 'हा माझा पुत्र' होतं, म्हणजे आता लोकांना सांगणं चाललंय. एका सर्वनामानं केवढा फरक पडतो बघा! आणि मार्कात बाप्तिस्म्याच्या वेळी आकाश फाटतं, येशू वधस्तंभावर मरतो तेव्हा मंदिरातला पडदा फाटतो, मूळ ग्रीकमध्ये क्रियापद एकच. पण या दुसऱ्या वेळी वरून काहीच येत नाही. माझ्या देवा, तू मला का सोडलंस असं ओरडूनही वर सगळं शांत. मग 'खरंच हा देवाचा पुत्र होता' हे कोण म्हणतं, तर तिथे पहाऱ्याला उभा असलेला रोमन शताधिपती. लेखकानं हे घ्यायला हवं होतं, सगळा लेख आकाशाकडे बघूनच लिहिलाय.

आता थोडं आमच्या ख्रिस्ती लोकांबद्दलही लिहितो, नाहीतर एकतर्फी होईल. 'देवानं मला सांगितलं' ही आमच्याकडे आजकाल फार स्वस्त झालेली गोष्ट आहे. एका प्रार्थनासभेत एका उपदेशकानं माझ्या नात्यातल्या माणसाला देवाचा आवाज आला म्हणून अमुक प्लॉट घ्यायला लावला, पैसे अजून अडकलेत, आणि विचारायला गेलं की म्हणे तुमचा विश्वास कमी पडला. अशा वेळी मला तालमूद या यहुदी धर्मग्रंथातली गोष्ट आठवते. एका भट्टीच्या शुद्धाशुद्धतेवरून रब्बींचा, म्हणजे यहुदी धर्मगुरूंचा, वाद चाललेला, रब्बी एलियेझरच्या बाजूनं चक्क आकाशवाणी होते, तर रब्बी यहोशुआ उभा राहून म्हणतो, धर्मशास्त्र आता आकाशात नाही! आणि मत बहुमताचंच टिकतं. त्या वाणीला ते 'बाथ कोल' म्हणायचे, म्हणजे आवाजाची लेक, आणि लेकीचंही ऐकून मग आपलं डोकं चालवायचं अशी त्यांची रीत.

तेव्हा लेखकाशी माझं भांडण एवढंच की 'फक्त गडगडाट' यातला 'फक्त' त्यांनी घातलाय, त्या गर्दीनं नाही. बाकी खरं सांगू का, त्या दिवशी मी तिथे असतो तर बहुतेक आडोसा शोधत पळालो असतो.

आपला एक नियमित वाचक, सोलापूर